पान अकरा ते सोळा

१

ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली तर मला सांभाळून घेईल. वयाने मोठे होते, कामाचा ताण होता, असं काहीतरी मध्ये घालेल. तेवढीही सवलत मला नको आहे, म्हणून मीच सांगतो.

गुरुवारी सकाळी साडेदहाला उपकुलसचिव मॅडमनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक फाईल उघडी पडली होती आणि समोर आवक-जावकच्या बाई उभ्या होत्या. विद्यापीठात येणारा-जाणारा प्रत्येक कागद या बाईंच्या रजिस्टरात चढतो. बावीस वर्षं त्या हेच करतायत. त्या दिवशी त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“सर, पान अकरा ते सोळा गायब आहेत,” मॅडम म्हणाल्या.

“कुठल्या फाईलमधली?”

“त्या बदलून आलेल्या मुलीच्या. गणिताचा अभ्यासक्रम.”

मुलगी दुसऱ्या विद्यापीठातून आमच्याकडे थेट तिसऱ्या वर्षाला येऊ पाहत होती. तिकडे दोन वर्षांत तिने गणिताची चोवीस क्रेडिट कमावली होती. ती इकडे धरायची की नाही, हे आमची समिती ठरवते, आणि त्यासाठी दोन गोष्टी बघते. एक म्हणजे मी, गणित विभागप्रमुख, घेतो ती तोंडी चाचणी. दुसरी म्हणजे जुन्या कॉलेजचा सही-शिक्क्याचा मूळ अभ्यासक्रम. चाचणीत मी तिला आदल्याच दिवशी नापास केलं होतं. त्यामुळे आता सगळा भार त्या सहा पानांवर होता.

“कॉलेजकडून दुसरी प्रत मागवा की,” मी म्हटलं.

“कॉलेज बंद पडलंय, सर. सही करणारे प्राचार्य वारले. मुलीकडे फोनमध्ये फोटो आहेत, पण फोटो चालत नाहीत. तो नियम तुम्हीच घातलाय.”

“बरोबरच आहे तो नियम.”

“समिती पाचला बसणार आहे. तोवर पानं मिळाली नाहीत तर तिची चोवीसच्या चोवीस क्रेडिट गेली. पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. तिच्या घरची परिस्थिती बघता ती शिक्षणच सोडेल.” मॅडमनी चष्मा काढला. “तुम्ही तर्काची माणसं. पाचच्या आत चोर शोधून द्या.”

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तीस वर्षं फळ्यावर सिद्धता मांडतोय, पण जिवंत माणसांवर कधी संधी मिळाली नव्हती. मी खोलीत आलो आणि दार लावून घेतलं.

२

आमच्या विभागात एक शिस्त आहे, आणि ती मी लावलीय. एका बाजूने छापलेला कागद फेकायचा नाही. दाराशी एक ट्रे आहे, त्यावर माझ्या अक्षरात ‘पाठकोरे’ असं लिहिलंय. एका बाजूने कोरा असलेला प्रत्येक कागद त्यात पडतो. शिपाईकाका त्यांना वरच्या कडेला डिंक लावून रफ पॅड बनवतात. गणितवाल्याला रफ कागद किती लागतो ते गणितवाल्याच्या बायकोला विचारा.

असंच एक पॅड पुढे ओढून मी संशयितांची नावं लिहिली. कागद छान जाड होता, पेन मजेत चालत होतं. पहिलं नाव बाईंचं, दुसरं शिपाईकाकांचं, तिसरं संख्याशास्त्रवाल्यांचं.

आधी बाई आल्या.

“फाईल मंगळवारी सकाळी आली,” त्या म्हणाल्या. “मी पानं मोजली, चोवीस होती. तुमच्याकडे पाठवली. बुधवारी दुपारी तुमच्याकडून परत आली.”

“परत आल्यावर मोजलीत?”

त्या हातातलं रजिस्टर चाळायला लागल्या.

“बोला ना, बाई.”

“नाही मोजली. चुकलं माझं.”

“का नाही मोजली?”

“तुमच्याकडून आली होती, सर.”

मला ती पळवाट वाटली. मी पॅडवर त्यांच्या नावापुढे लिहिलं, ‘साठ टक्के’.

शिपाईकाकांनी फाईल नेली-आणली होती. पण काकांना काही विचारावं तर ते जगाचा इतिहास सांगतात. “मंगळवारी मला मरायला फुरसत नव्हती, सर. तुम्ही जुन्या प्रश्नपत्रिकांचं कपाट आवरायला काढलंत. ट्रे नुसता ओसंडून वाहत होता. दुपारभर डिंक लावत बसलो, बोटं अजून चिकटतायत. माझ्या हिने—”

“काका, फाईल वाटेत कुठे ठेवलीत?”

“कुठेच नाही. तुमच्या टेबलावरून उचलली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. वाटेत जिना आहे फक्त. जिन्यात कोण काय ठेवणार?”

काकांना मी दहा टक्के दिले.

संख्याशास्त्रवाले आमच्यातले तरुण प्राध्यापक. माझ्या तोंडी चाचणीला त्यांचा कायम विरोध. एका प्रश्नावरून माणूस जोखता येत नाही, नमुना फार लहान आहे, हे त्यांचं पालुपद. पण या प्रकरणात ते मला निराळ्याच कारणासाठी हवे होते. तिसऱ्या वर्षाला एकच जागा उरली होती, आणि प्रतीक्षा यादीत पहिलं नाव त्यांच्या मेहुणीचं होतं.

“तुम्ही मंगळवारी संध्याकाळी माझ्या खोलीत आला होतात,” मी म्हटलं.

“हो. दोन मिनिटं. तुम्ही फोनवर होतात.”

“फाईल टेबलावर होती.”

“असेल. तुमच्या टेबलावर त्या दिवशी काय नव्हतं? पसारा होता नुसता.” मग माणूस हसला. “सर, मला ती जागा मेहुणीसाठी हवी असती तर मी पानं कशाला चोरली असती? तुमची तोंडी चाचणी आहेच की. त्यातून बाहेरचा कुणी पास होतो का कधी?”

माझ्या कपाळाची शीर उठली. मी त्याला तीस टक्के दिले, आणि त्यातले दहा निव्वळ रागाचे होते.

३

साडेबाराला मुलगी आली. सोबत तिची आई होती. आई शिवणकाम करते. घाईत उठून आली असावी, कारण मापाची फीत तिच्या गळ्यात तशीच होती.

“पानं कशी होती?” मी विचारलं.

“जाड कागदावर, सर,” मुलगी खाली बघत म्हणाली. “कॉलेज बंद होणार म्हणून प्राचार्यांनी मुद्दाम चांगल्या कागदावर छापून दिली होती. एकाच बाजूने. प्रत्येक पानावर शिक्का.”

“फाईलला दोऱ्यात ओवलेली?”

“नाही. मूळ कागदाला भोक पाडू नका असं तुमच्या सूचनेत होतं. म्हणून टाचणी लावून आत ठेवली.”

“माझ्या डबीतली टाचणी,” आई म्हणाली. “डोक्यावर काचेचा हिरवा मणी असलेली. साधी गंजते, डाग पडतो कागदाला.”

हे मी लिहून घेतलं. दोरा सोडायची गरजच नव्हती तर. फाईल उघडायची आणि उचलायची, एवढंच.

“साहेब,” आई म्हणाली, “ही हुशार आहे हो. काल तुमच्याकडून आली तेव्हापासून धड जेवली नाही. कालपासून नुसती पाटीवर आकडे लिहितेय आणि पुसतेय.”

“तोंडीत उत्तर चुकलं तिचं. त्याला मी काय करणार?”

“सर, ते गणित—” मुलीने पहिल्यांदा मान वर केली.

“ते नंतर. आधी पानं सापडू देत.”

तिची मान पुन्हा खाली गेली.

गणित अगदी साधं होतं. गोल टेबलाभोवती सहा जणांना बसवायचं आहे. त्यातल्या दोघांचं भांडण आहे, ते शेजारी बसत नाहीत. किती प्रकारे बसवता येतील? बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला मी अकरा वर्षं हा एकच प्रश्न विचारत आलोय. उत्तर अठ्ठेचाळीस. आणि गंमत म्हणजे यांतले बहुतेक जण एकच चुकीचं उत्तर देतात, बहात्तर. मला वाटायचं, बाजारात कुठलं तरी भिकार गाईड असणार, त्यातून सगळे पाठ करून येतात. बुधवारी मुलीला मी पॅड दिलं, “सोडव,” म्हटलं. तिनेही बहात्तरच आणलं. मी कागद फाडून घेतला, त्यावर तांबडी फुली मारली आणि खणात टाकला.

४

जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझी सिद्धता पूर्ण झाली. पानं माझ्याकडे येईपर्यंत होती, कारण बाईंनी मोजली होती. माझ्या खोलीतून ती जाणं शक्य नाही, कारण ती माझी खोली. म्हणजे गेली ती परत आल्यावर. आणि परत आल्यावर फाईल होती कुणाच्या ताब्यात?

मी आवक-जावकच्या खोलीत गेलो. सातआठ जण डबे उघडून बसले होते. मॅडमही होत्या. मी थांबायला हवं होतं. बाजूला बोलवायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

“बाई, पानं तुमच्याकडून गेलीयत. मोजायचा कंटाळा केलात, कुठल्या तरी गठ्ठ्यात गेली, आणि आता अंगाशी आलं तर सरांचं नाव पुढे करताय. की कुणी मागितली होती? मेहुणीसाठी वगैरे?”

खोलीतले चमचे थांबले. बाई उभ्या राहिल्या.

“बावीस वर्षांत माझ्या हातून एक कागद हरवला नाही, सर.”

“पहिली वेळ कधीतरी येतेच.”

त्या खाली बसल्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, तरी त्या लावतच राहिल्या. मी खोलीत जाऊन पॅडवर त्यांच्या नावापुढचे साठ खोडले आणि नव्वद केले. नव्वद. हे मी माझ्या हाताने लिहिलंय.

मग मॅडमना लेखी निष्कर्ष द्यावा म्हणून निघालो. जिन्याजवळ सूचनाफलक आहे. त्यावर संख्याशास्त्राच्या जादा तासाची सूचना लागली होती, आणि ती ज्या टाचणीने लावली होती तिच्या डोक्यावर काचेचा हिरवा मणी होता.

५

मी ओरडलोच. संख्याशास्त्रवाल्यांना हाक मारली, मॅडमना हाक मारली. डबेवाले सगळे बाहेर आले. बाईही दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

“ही सूचना तुमची?”

“माझी.”

“आणि ही टाचणी? ही त्या सहा पानांची टाचणी आहे! मुलीची आई अजून खाली बसलीय, तिला दाखवा, लगेच ओळखेल. सांगा सगळ्यांसमोर, कुठून आणलीत?”

माणूस माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. कीव होती, हे मला आता कळतं.

“तुमच्याच डबीतून, सर.”

“काय?”

“मंगळवारी संध्याकाळी. टाचण्यांची ती पत्र्याची डबी असते ना तुमच्या टेबलावर, त्यातून. तुमच्यासमोर घेतली. तुम्ही फोनवर हात ठेवून म्हणालात, ‘परत आणून द्या हं, फुकट येत नाहीत.’”

कुणीतरी खोकलं. मला ते वाक्य आठवलं. अगदी शब्दन् शब्द आठवलं. शिपाईकाका हळूच म्हणाले, “काखेत कळसा नि गावाला वळसा,” आणि लगेच जीभ चावून गप्प झाले.

मी टाचणी काढली आणि कुणाकडेही न बघता माझ्या खोलीकडे चालायला लागलो.

६

पुढची सिद्धता तीन ओळींची होती. कागदाला लावलेली टाचणी माझ्या डबीत कोण टाकतं? फक्त मी. कधी टाकतो? कागद पाठकोऱ्यांच्या ट्रेमध्ये घालण्याआधी, कारण टाचणी बोटात घुसते. आणि मंगळवारी मी काय करत होतो? फोन मानेत धरून जुन्या प्रश्नपत्रिका उपसत होतो. फाईल त्याच पसाऱ्यात उघडी होती. हात सवयीने चालले, टाचणी काढली, मागची बाजू कोरी दिसली, ट्रेमध्ये. काकांनी दुपारी डिंक लावला. चोर शोधायला मी ज्या पॅडवर नावं लिहिली होती, ते पॅड समोरच होतं.

पान उलटलं. मागे शिक्का होता. पान बारा. ‘बाई, नव्वद टक्के’ हे माझं अक्षर त्याच्या पाठीवर होतं. त्याखाली तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सगळी धडधाकट. अकरा नव्हतं. अकरा कुठे असणार हे मला ठाऊक होतं. मी खण उघडला. मुलीने सोडवलेलं गणित, वर माझी तांबडी फुली, आणि मागे अभ्यासक्रमाचं पहिलं पान. तिने आपलं गणित आपल्याच पानाच्या पाठीवर सोडवलं होतं, बिचारीने.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आता लाजेची गोष्ट सांगतो, कारण याआधीची नुसती चूक होती. मी विचार केला की तेरा ते सोळा ही चार पानं गुपचूप फाईलमध्ये सरकवावीत. सापडली, कपाटामागे पडली होती, म्हणावं. अकरा आणि बारा फाडून टाकावीत. चार पानांवर समिती काहीतरी देईल. अर्धी क्रेडिट तर मिळतील. बाईंवरचा आळ हळूहळू विरेल. हा विचार मी चांगला पाच मिनिटं केला. अकरा नंबरचं पान फाडायला दोन्ही हातांत धरलंसुद्धा.

फाडण्याआधी डोळे त्यावरून फिरले, तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासायची खोड, दुसरं काय. तिने लिहिलं होतं: एकूण प्रकार एकशेवीस. दोघं शेजारी बसतात असे अठ्ठेचाळीस. शेजारी बसत नाहीत ते उरलेले, बहात्तर.

मी पुन्हा वाचलं. मग स्वतः सोडवलं. बहात्तर.

कपाटातून माझी जुनी वही काढली. प्रश्न तिथे होता. मूळ निळ्या शाईत मी लिहिलं होतं, ‘दोघं शेजारी बसतात’, आणि उत्तर अठ्ठेचाळीस. मग प्रश्न जरा अवघड करावा म्हणून काळ्या शाईत ‘बसतात’ खोडून ‘बसत नाहीत’ केलं होतं. उत्तराला हात लावला नव्हता. पुन्हा सोडवून बघायचं मला कधी सुचलंच नाही. स्वतःच्या वहीतलं उत्तर कोण तपासतो?

चाचणीचं रजिस्टर शेजारीच होतं. मी प्रत्येकाचं उत्तर त्यात लिहून ठेवतो, शिस्त आहे ना. अकरा वर्षांत पास झालेले दोघं. दोघांनीही अठ्ठेचाळीस सांगितलं होतं, म्हणजे माझीच चूक केली होती. बहात्तर सांगून नापास झालेले, ही मुलगी सोडून, एकोणीस. वेगवेगळ्या गावांची, एकमेकांना कधी न भेटलेली एकोणीस मुलं, सगळ्यांचं उत्तर एक, आणि मी गाईडला शिव्या देत बसलो होतो.

मी कागद टेबलावर ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं.

७

पाचला समिती बसली. मॅडम होत्या, संख्याशास्त्रवाले होते. मी बाईंना, काकांना आणि मायलेकींनाही आत बोलवायला सांगितलं.

“सगळ्यांसमोर कशाला, सर?” मॅडम हळूच म्हणाल्या. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे.

“बाईंना बोललो तेही सगळ्यांसमोरच,” मी म्हटलं.

मी सहा पानं टेबलावर ठेवली, पाठीची बाजू वर करून. फुलीचं पान आणि टक्क्यांचं पान सगळ्यांत वर. मग वही ठेवली, रजिस्टर ठेवलं, टाचणी ठेवली. आणि सांगितलं. फाडायला घेतलं होतं तेही सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं तरी. मग बाईंकडे वळून हात जोडले. “बाई, तुमची चूक एवढीच की तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. मला माफ करा असं म्हणायचंही मला तोंड नाही.”

बाईंनी पान बारा उचललं. आपल्या नावापुढचे नव्वद टक्के वाचले. बराच वेळ वाचले. मग त्यांनी रजिस्टर उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

“सहा पानं आवक करून घेते,” त्या म्हणाल्या. “कुणाकडून आली म्हणून लिहू?”

“माझ्याकडून. गणित विभागप्रमुख.”

त्यांनी लिहिलं. मग माझ्यादेखत पानं मोजली. एकदा मोजली आणि पुन्हा एकदा मोजली. माफ केलं की नाही, ते त्या बोलल्या नाहीत, आणि आजवर मी विचारलेलं नाही.

मॅडमनी अभ्यासक्रम ताडून पाहिला. चोवीसच्या चोवीस क्रेडिट धरली गेली. आईने फीत गळ्यातून काढून मुठीत घट्ट धरली आणि रडायला लागली. मुलगी मात्र टेबलाशी आली. तिने फुलीचं पान बघितलं.

“म्हणजे बरोबर होतं?” तिने विचारलं.

“बरोबर होतं, बाळ. पहिल्यापासून.”

“मी काल रात्रीपासून तेच सोडवतेय, सर. दरवेळी बहात्तरच येत होतं.” ती रागाने बोलत नव्हती, हेच सहन होत नव्हतं. “मग मला वाटलं, मला साधी वजाबाकीच येत नसणार. आईला म्हटलं, मी शिवायलाच बसते.”

मी त्याच आठवड्यात विभागप्रमुखपद सोडलं आणि चाचणी बंद करायचं पत्र दिलं. मग एकोणीस पत्रं लिहिली, हाताने, नव्या कोऱ्या कागदांवर. बाईंनी एकेकाला जावक क्रमांक दिला. पत्ते जुने होते, आठ पत्रं परत आली. बाकीच्यांचं काय झालं माहीत नाही.

उत्तर एकच आलं. दहा वर्षांपूर्वीचा मुलगा, आता कुठेशी गोदामात माल मोजून घेतो. त्याने फार काही लिहिलं नव्हतं. ‘सर, बहात्तर बरोबर आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. दोनदा पडताळलं होतं. पण तुम्ही चूक म्हणालात, म्हणून मी खोडलं. नंतर गणित सोडलं.’

कागदाची मागची बाजू कोरी आहे. मी तो ट्रेमध्ये टाकलेला नाही.